शेऱ्याचा रकाना

मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत आठवीला सामान्य विज्ञान शिकवते आणि ‘पेशी व पेशीअंगके’ हा पाठ आला की केंद्रकाचे कार्य समजावताना ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ सर जॉन गर्डन यांची हकिगत आवर्जून सांगते. २०२५च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर ती सांगताना मन जरा जड होते, कारण ७ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी ते गेले होते. वर्गात ही हकिगत सांगितली तो दिवस शनिवारचा होता. सकाळी शाळा आणि दुपारी पालकसभा, म्हणजे प्रथम सत्राची प्रगतिपुस्तके वाटायची होती.

गर्डन इंग्लंडमधील ईटन या नामांकित शाळेत शिकत होते. १९४९ मध्ये, ते पंधरा वर्षांचे असताना, जीवशास्त्रात २५० मुलांमध्ये त्यांचा क्रमांक शेवटचा आला. शिक्षकांनी शेऱ्यात लिहिले की एका तयारीच्या कामात याला ५०पैकी २ गुण मिळाले आहेत, हा सांगितलेले ऐकत नाही, स्वतःच्याच पद्धतीने काम करण्याचा हट्ट धरतो, आणि याला शास्त्रज्ञ व्हायचे आहे असे दिसते, पण सध्याची प्रगती पाहता ती कल्पना हास्यास्पद असून त्यात याचा आणि शिकवणाऱ्यांचाही वेळ फुकट जाईल. त्यानंतर शाळेत त्यांचे विज्ञान सुटले आणि ग्रीक-लॅटिन हाती आले. ऑक्सफर्डलाही प्रवेश मिळाला तो अभिजात भाषांसाठी. पुढे खासगी शिकवणी लावून ते प्राणिशास्त्राकडे वळले.

याच माणसाने बेडकाच्या अंड्यातील केंद्रक अतिनील किरणांनी निकामी केले आणि त्या जागी बेडूकमाशाच्या आतड्याच्या पेशीतील केंद्रक बसवले. फार थोड्या अंड्यांची वाढ झाली, पण जी झाली त्यातून पोहणारे बेडूकमासे तयार झाले. आतड्याची पेशी झाली म्हणून तिच्या केंद्रकातील संपूर्ण प्राणी घडवण्याची माहिती पुसली जात नाही, हे त्यातून दिसले. तो शोधनिबंध १९६२चा. त्याच वर्षी जपानमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांच्यासोबत त्यांना २०१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. शाळेतला तो शेरा त्यांनी चौकट करून आपल्या टेबलाच्या वर लावून ठेवला होता.

इथे वर्ग नेहमी हसतो. त्या दिवशीही हसला. मात्र शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर करून विचारले, “बाई, त्या सरांनी तो शेरा नंतर बदलला का?”

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी “नाही, तो तसाच राहिला” एवढेच म्हणू शकले, कारण त्या मुलाचे प्रगतिपुस्तक माझ्या कपाटात होते आणि त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेले होते : ‘विज्ञान विषयात गती नाही. नसत्या उद्योगात वेळ घालवतो.’

नसता उद्योग म्हणजे काचेची एक बरणी. परीक्षेच्या आधी भर तासाला ती दप्तरातून निघाली होती आणि मी जप्त केली होती. मुलगा मखमलाबादकडून येतो. आई-वडील दोघेही द्राक्षबागांत मजुरी करतात आणि छाटणीच्या दिवसांत धाकट्या बहिणीला सांभाळायचे म्हणून याचे खाडे होतात. लेखी परीक्षेत त्याला ५०पैकी ११ गुण होते. गुण मी बरोबरच दिले होते, याविषयी आजही शंका नाही. पण ‘गती नाही’ हे मी कशावरून लिहिले?

मधल्या सुट्टीत मी बरणी बाहेर काढली. झाकणाला बारीक भोके पाडलेली होती आणि आत कागदी लिंबाची वाळलेली फांदी होती. तिला दोन कोष लटकले होते, दोन्ही बाजूंनी रेशमाचा एकेक धागा कमरेला बांधल्यासारखा. बरणीसोबत घेतलेली चिमुकली वही मी तोवर उघडलीही नव्हती. तिच्यात तारीखवार लिहिले होते की अळी आधी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मग कात टाकून हिरवी होते, काडीने स्पर्श केला की मानेतून लाल शिंगे काढते आणि घाण वास सोडते. ‘वास लिंबाचा नाही,’ अशी वेगळी ओळ होती. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या.

मुख्याध्यापकांची सही झालेली असल्याने खाडाखोड चालणार नव्हती. मी त्यांना वही दाखवून नवे प्रगतिपुस्तक मागितले आणि सगळ्या विषयांच्या श्रेणी पुन्हा उतरवल्या. ‘आवड’ या रकान्यात लिहिले : ‘कीटकांचे बारकाईने निरीक्षण करतो, नियमित नोंदी ठेवतो.’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ येथे : ‘पाहिलेले आकृती काढून व शास्त्रीय संज्ञा वापरून लिहिण्याचा सराव हवा.’ ११ गुणांची श्रेणी मी बदलली नाही.

दुपारी त्याची आई बागेतून थेट आली. प्रगतिपुस्तक न उघडताच म्हणाली, “बाई, त्या अळ्या-किडे घरात आणू नको म्हणून तुम्हीच सांगा त्याला. तुमचं ऐकंल तो.”

महिन्यापूर्वी मी आनंदाने सांगितले असते. आता मी तिला खुर्चीवर बसवले आणि वहीतले एकेक पान वाचून दाखवले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग पदराने हात पुसून तिने वही स्वतःच्या हातात घेतली आणि विचारले, “हे त्याचं त्यानंच लिव्हलं?” खाड्यांविषयीही आम्ही बोललो. धाकटीला अंगणवाडीत घालण्याची खटपट करते, असे ती म्हणाली. ते अजून पुरते जमलेले नाही.

बरणी मी मुलाला परत केली. दोनएक आठवड्यांनी तो शाळा भरण्याआधीच प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. एका कोषातून फुलपाखरू निघून गेले होते. दुसऱ्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले होते आणि त्यातून इवल्या, चकाकत्या गांधीलमाश्यांसारखे जीव एकामागून एक बाहेर येत होते. “बाई, ह्या आत शिरल्या कधी? बरणी तर बंद होती.”

दुसऱ्या कीटकाच्या शरीरात वाढणाऱ्या परजीवी कीटकांविषयी मी वाचले होते, पण कोषातून ते निघताना कधी पाहिले नव्हते. मी कपाटातले भिंग काढून त्याच्या हाती दिले आणि आधी त्या किती आहेत ते मोजायला सांगितले. घंटा झाली तेव्हा तो ६३वर पोहोचला होता.