म्हणून? कशावरून?

भूमितीच्या वहीत ‘म्हणून’ लिहायचा कंटाळा, त्यामुळे आपण तीन ठिपके देतो. आमचे गणिताचे सर वही तपासताना बरोबर त्या ठिपक्यांवर बोट ठेवायचे. “हे तीन ठिपके फुकट मिळाले काय रे? शेजारी कारण कुठाय?” कारण नसलं की उत्तर बरोबर असूनही लाल फुली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत मी बरंच काही शिकलो आणि त्यातलं बरंच विसरलो. हे ठिपके मात्र डोक्यातून गेले नाहीत.

21 सप्टेंबर 1995, गुरुवार. गणपती दूध पितो ही बातमी देशभर पसरली, तशी आमच्या गावातही आली. मी नववीत होतो. घरातली वाटी घेऊन देवळात पळालो, तासभर रांगेत उभा राहिलो आणि चमचा सोंडेला लावला. दूध खरोखर गेलं! दुसऱ्या दिवशी वर्गात मी छाती पुढे काढून ते सांगितलं. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फळ्यावर मध्ये उभी रेघ मारली. “डाव्या बाजूला तू काय पाहिलंस ते सांग. काय मानलंस ते उजवीकडे.” डावीकडे लिहून झालं ते एकच वाक्य: चमच्यातलं दूध कमी झालं. ‘गणपती प्यायला’ हे उजवीकडे गेलं आणि मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

मग त्यांनी शिपायांना हाक मारून स्वयंपाकाच्या खोलीतला वरवंटा मागवला. तो ओला करून टेबलावर उभा ठेवला, दुधात चिमूटभर कुंकू कालवलं आणि काठोकाठ भरलेला चमचा थोडा कलता करून दगडाला टेकवला. वरवंटाही दूध प्यायला. फरक इतकाच, की दगडावरून खाली उतरलेला पातळ लाल ओघळ सगळ्या वर्गाला दिसला. पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढलं जातं आणि ओल्या दगडावरून पातळ थरात खाली उतरतं. पांढऱ्या दुधाचा तो थर चटकन नजरेला येत नाही. “गणपतीच पितो की कुठलाही दगड पितो, हे विचारल्याशिवाय ठिपके द्यायचे नाहीत,” एवढंच सर म्हणाले.

घरी हे सांगितलं तर आई म्हणाली, “तुझ्या सरास्नी सांग, दूध आमच्या म्हशीचं हुतं.”

सरांची उदाहरणं आमच्या अंगणातलीच असायची. पाऊस पडला की अंगण ओलं होतं, पण अंगण ओलं आहे म्हणून पाऊस पडला असं नाही. आईने सडा घातला असेल. प्रमेय खरं असलं तरी त्याचा व्यत्यास, म्हणजे उलटं विधान, वेगळा सिद्ध करावा लागतो, हे मला सड्यामुळे कळलं. न्यायशास्त्रातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, डोंगरावरच्या आगीचं अनुमानही त्यांनी शिकवलं. प्रतिज्ञा: डोंगरावर आग आहे. हेतू: कारण धूर दिसतो. उदाहरण: जिथे धूर तिथे आग, जसं चुलीपाशी. पुढे उपनय: या डोंगरावरही तसाच धूर आहे. आणि निगमन: म्हणून डोंगरावर आग आहे. जुलै महिना होता. सरांनी खिडकीकडे हात केला. “तो बघा डोंगर. धूर आहे की धुकं?” हेतूच कच्चा असेल तर पुढच्या पायऱ्या कितीही नीट रचा, उपयोग नाही. ही पाच नावं पाठ करताना मात्र आमचा जीव गेला, आणि परीक्षेत ती कधी आलीही नाहीत.

आज मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी बघतो. एका पावसाळ्यात कास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या भागांत, फुगे यायला लागले, रिजेक्शन वाढलं. त्याच आठवड्यात ओतकामावर एक नवा पोरगा आला होता. झालं, सगळ्यांनी त्यालाच धरलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, पण त्यापायी कावळ्याची नोकरी जायची वेळ आली होती. मला संशय साच्यांच्या वाळूचा होता. शेडचा पत्रा गळत होता आणि त्याच्या खालीच वाळूचा ढीग. वाळूत पाणी जास्त झालं की तापलेल्या धातूने त्याची वाफ होते, ती कास्टिंगमध्ये अडकते आणि फुगे धरतात.

मी मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं, “वाळू ओली आहे, म्हणून फुगे.” आमचे जुने मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, कन्नड बोलणारे, गोकाककडचे. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “याक री?”

म्हणजे, का हो? मी गप्प झालो. मीही पत्रा पाहिला होता आणि कारण मानलं होतं.

दुसऱ्या दिवशी तीच भट्टी, तोच धातू, ओतायला तोच नवा पोरगा. दहा साचे ढिगातल्या वाळूचे, दहा ओल मोजून घेतलेल्या वाळूचे. थंड झाल्यावर मोल्डरमामांनी स्वतः एकेक कास्टिंग फोडून बघितलं. मोजलेल्या वाळूचे दहाच्या दहा स्वच्छ निघाले. मामांनी खडू घेतला, ढिगाच्या वाळूतल्या फुटक्या तुकड्यांमधल्या फुग्यांवर खुणा करत गेले, आणि पोरगा दुपारच्या शिफ्टला नेहमीसारखा कामाला लागला. पत्रा बदलायला मात्र दिवाळी उजाडली.