देशाच्या रकान्यात

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद निर्यातदाराकडे मी अकरा वर्षे कागदपत्रांचे काम पाहते. सौदे, पॉलिश, दळण हे सगळ्यांना दिसते. पैसे मात्र शेवटी कागदांवर मिळतात. बँकेच्या पतपत्रात, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैसे देण्याची हमी दिलेल्या पत्रात, जो शब्द असेल तोच बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लॅडिंग (जहाज कंपनीची मालपावती) आणि मूळ देशाचा दाखला या सर्वांवर जुळावा लागतो, आणि माल जहाजावर चढल्यापासून सहसा २१ दिवसांत हा सारा संच बँकेत पोहोचावा लागतो. माझ्या हातचा एकही संच आजवर परत आलेला नाही. याचा मला अभिमान आहे.

गेल्या हिवाळ्यात कोसोवोची राजधानी प्रिस्टिना येथून हळद पावडरीची मागणी आली, २५ किलोची २०० पोती. माल न्हावा शेवाहून अल्बानियातील दुर्रेस बंदरात उतरून पुढे ट्रकने जाणार होता. पतपत्रावर ‘रिपब्लिक ऑफ कोसोवो’ असे होते. आमच्या संगणकातील देशांच्या यादीत मात्र कोसोवो नाही, कारण ही यादी ज्या आंतरराष्ट्रीय संकेतांवरून केली आहे त्यांतच त्याला जागा मिळालेली नाही. युरोपीय संघ त्याच्यासाठी ‘एक्सके’ हा तात्पुरता संकेत वापरतो, पण तो आमच्याकडे कोणी भरलेला नव्हता. प्रणाली पुरवणाऱ्यांना मी त्या दिवशी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा ‘सध्या जवळचा देश निवडा’ हेच उत्तर ऐकले. ज्यांना रकाना म्हणजे नुसती चौकट वाटते, त्यांच्या हाती असल्या याद्या असतात.

आमचे व्यवस्थापक अण्णा म्हणाले, “कोसोवो सर्बियातून फुटले, पण आपल्या सरकारने त्याला मान्यता दिलेली नाही. रकान्यात सर्बिया टाक आणि मोकळी हो.” शब्द पतपत्राशी जुळत नाही हे मला दिसत होते, पण कागदांचा मसुदा पाहून खरेदीदारच पतपत्र बदलून घेईल, असे मी गृहीत धरले आणि तो पाठवला. ही चूक अण्णांची नव्हे, माझी होती.

सायंकाळी सात वाजता खरेदीदाराचा फोन आला. तो रागावलेला नव्हता. असा कागद घेऊन ट्रक सीमेवर गेला तर अडकेल, हे त्याने आधी सांगितले. मग थोडे थांबून म्हणाला, “मॅडम, माझ्या थोरल्या भावाला १९९९ च्या एप्रिलमध्ये घरातून नेले. तो अजून सापडलेला नाही. तो शब्द माझ्या मालावर नको.”

त्या रात्री मी बसून वाचत राहिले. १९८९ मध्ये सर्बियाने कोसोवोची स्वायत्तता काढून घेतली, तिथल्या बहुसंख्य अल्बेनियन समाजातले शिक्षक आणि डॉक्टर नोकरीतून काढले गेले, मुलांच्या शाळा खासगी घरांत भरू लागल्या. १९९९ च्या वसंतात सर्बियावर नाटोचे ७८ दिवसांचे हवाई हल्ले चालू असताना सर्बियन फौजांकडून आठ लाखांहून अधिक अल्बेनियन लोक सीमेपलीकडे हाकलले गेले, आणि त्या युद्धातील दीड हजारांहून अधिक माणसे आजही बेपत्ता आहेत. त्यानंतर सूड सर्ब आणि रोमा कुटुंबांवर उगवला गेला. मार्च २००४ च्या दंगलीत सर्बांची घरे आणि जुनी चर्चे जळाली. ऑटोमन तुर्कांशी झालेल्या १३८९ च्या लढाईची आणि आपल्या मठांची ही भूमी सर्बांनाही सोडवत नाही, हे वाचल्यावर मला कोणाही एकावर सगळे खापर फोडता येईना. १७ फेब्रुवारी २००८ ला कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केले. ही घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करत नाही, असे मत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये १० विरुद्ध ४ मतांनी दिले.

माझी नजर मात्र शिक्क्यावर अडकली. कोसोवोच्या नव्या सीमाशुल्क शिक्क्याचा माल सर्बिया घेईना, त्यावरून २०११ च्या जुलैमध्ये उत्तरेकडील नाक्यांवर संघर्ष पेटला, एक पोलीस मारला गेला. सप्टेंबरमध्ये तोडगा निघाला तो शिक्क्यावर फक्त ‘कस्टम्स ऑफ कोसोवो’ एवढेच असावे, असा. पुढच्या वर्षी प्रादेशिक बैठकांसाठी कोसोवोच्या नावापुढे तारांकन आणि खाली, या नावाने त्याच्या दर्जाबाबतच्या कोणाच्याही भूमिकेला बाधा येत नाही, अशी तळटीप ठरली. कागदाचे काम करणाऱ्या मला ते तारांकन फार वेळ दिसत राहिले. माझे आजोळ निपाणीचे. पत्त्यातला राज्याचा रकाना भरताना आजोबांची लेखणी कशी थबकायची, ते मी लहानपणी पाहिले आहे. दोन्ही दुःखे एका मापाची नव्हेत, पण हात थबकणे मला ओळखीचे होते.

दुसऱ्या दिवशी मी यादी बाजूला सारून दाखला हाताने टंकला आणि ‘प्रिस्टिना, कोसोवो’ एवढेच लिहिले. दाखला देणाऱ्या कार्यालयाला ‘रिपब्लिक’ हा शब्द चालेना, म्हणून खरेदीदाराने तो पतपत्रातून काढून घेतला आणि दुरुस्तीचा बँक आकारही स्वतःच भरला. कागद पहिल्याच खेपेला मंजूर झाले.

या महिन्यात त्याची दुसरी मागणी आली आहे. पतपत्रावर पुन्हा ‘रिपब्लिक ऑफ कोसोवो’ आहे. मागच्यासारखेच कळवून शब्द काढायला सांग, असे अण्णा म्हणतात. आज चौथा दिवस. मी अजून त्याला तसे कळवलेले नाही.