साडेदहा तासांचं फ्लोरेन्स, हाती लागले पावणेदोन

आमच्या क्रूझच्या पत्रकात चौथ्या दिवसापुढे लिहिलं होतं, ‘फ्लोरेन्स/पिसा, सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३०’. साडेदहा तास. पंचवीस वर्षं डोंबिवलीहून फास्ट लोकलने ऑफिस गाठलेली बाई आहे मी. साडेदहा तासांत माणूस नोकरी करून, येताना भाजी घेऊन, कुकर लावून मोकळा होतो. त्यात एक फ्लोरेन्स बसणार नाही? त्याच ओळीत कंसात, बारीक अक्षरात ‘ला स्पेझिया’ असंही होतं. ते मी वाचलं, धक्क्याचं नाव असेल म्हणून सोडून दिलं. चूक माझी, पण पूर्ण माझी नाही. बुकिंग करून देणाऱ्या मुलाला मी स्पष्ट विचारलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, पोर्टवरून ट्रेन आहे, आरामात होतं."

ला स्पेझिया हे वेगळं शहर आहे. फ्लोरेन्स तिथून साधारण दीडशे किलोमीटर. म्हणजे भाऊच्या धक्क्याला उतरवायचं आणि सांगायचं, जा, शनिवारवाडा बघून या.

आता त्या दिवसाचा हिशेब मांडते, कारण तो मला कोणी आधी मांडून दिला नव्हता. जहाज आठला धक्क्याला लागलं. लागलं म्हणजे उतरता येतं असं नाही. बंदराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी देईपर्यंत गँगवे, म्हणजे उतरायची वाट, उघडत नाही, आणि उघडल्यावर पहिल्यांदा जहाजाकडून सहल घेतलेल्यांचे गट सोडतात. छातीवर आकड्यांचे स्टिकर लावलेली ती मंडळी आरामात पुढून जातात, आपण जिन्यात उभे. आम्ही धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा ८.५०. बंदरातून चालायला परवानगी नाही, शटल बसनं फाटकापर्यंत सोडतात, ९.१०. तिथून स्टेशन पायी पंचवीस-तीस मिनिटं, शेवटी थोडा चढ. तिकिटाच्या मशिनसमोर आमच्याच जहाजातली चाळीस माणसं. गाडी मिळाली दहानंतरची, तीही पिसाला बदलायची. फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला स्टेशनात उतरलो तेव्हा १२.३५ झाले होते. ‘ऑल अबोर्ड’ सहाला, म्हणजे सहाच्या आत जहाजात. साडेसहा ही जहाज सुटायची वेळ, आपली नव्हे. दीड तास हाताशी ठेवायचा तर परतीची अडीचची गाडी हवी.

उरले पावणेदोन तास.

त्यात काय झालं? स्टेशनपासून कॅथीड्रल दहा मिनिटांवर आहे, ते बाहेरून पाहिलं. त्यावरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट चढायला ४६३ पायऱ्या आणि आधी घेतलेलं वेळेचं तिकीट लागतं. दोन्हींचा प्रश्नच नव्हता. मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहिला, तोही सिन्योरिया चौकातला, म्हणजे नक्कल. अस्सल मूर्ती १८७३ मध्येच तिथून हलवून अकादेमिया संग्रहालयात ठेवलीय आणि तिथली रांग कोपऱ्यापलीकडे गेली होती. पोंते वेक्कियो या जुन्या पुलावर गेलो, दोन फोटो काढले, घड्याळ पाहिलं. नवरा म्हणाला, "आपण फ्लोरेन्सला आलो की फ्लोरेन्सला हात लावून आलो?" मी त्याच्याशी बोलले नाही. (सोमवारी तुमचं जहाज लागत असेल तर हेही लक्षात ठेवा: अकादेमिया आणि उफिझी ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात.)

खरी गंमत परतीला. एम्पोलीच्या अलीकडे गाडी थांबली. पाच मिनिटं, दहा, पंचवीस. घोषणा इटालियनमध्ये. आपल्याकडे कल्याणच्या अलीकडे गाडी थांबली तर मला आवाजावरून कळतं की सिग्नल आहे की बिघाड. इथे सगळे गप्प मोबाइल बघत बसलेले. पिसाची पुढची गाडी डोळ्यांदेखत गेली. त्यापुढची मिळून ला स्पेझियाला उतरलो ते ५.३५ला.

पायी जायला अर्धा तास आणि हातात पंचवीस मिनिटं. स्टेशनबाहेर एक टॅक्सी उभी. गळ्यात जहाजाचं कार्ड होतं आमच्या, निळ्या फितीचं. ड्रायव्हरनं आधी कार्डाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. "ट्वेंटी फाइव्ह." फाटकापर्यंत दोन किलोमीटरसुद्धा नाही. मी मीटर म्हटलं, त्यानं खांदे उडवले आणि सिगरेट पेटवली. पहाटे चारला एसटीतून उतरल्यावर रिक्षावाला जसा बघतो तसाच बघत होता. इटलीला जाऊन मला एवढंच घरगुती मिळालं. दिले पंचवीस युरो. आजही आठवलं की हात शिवशिवतात. म्हणून ही पहिली सूचना: स्टेशनात उतरायच्या आधी ते कार्ड आणि फीत खिशात घाला. आणि टॅक्सीनं जायचंच असेल तर रांगेच्या स्टँडवरून, मीटर सुरू करायला लावून.

जहाजात शिरलो ५.५२ला. वरच्या डेकवर लोक कठड्याला रेलून उशिरा येणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होते. हा त्यांचा रोजचा करमणुकीचा कार्यक्रम असतो, आम्हीही आदल्या दिवशी वाजवल्या होत्या.

आणि आमच्याबरोबर क्रूझवर आलेली नणंद? ती आणि भाऊजी सकाळी त्याच स्टेशनात आमच्याबरोबर आले, पण समोरच्या फलाटावर गेले. ला स्पेझियाहून रिओमाज्जोरे हे चिंक्वे तेर्रेचं पहिलं गाव गाडीनं दहा मिनिटांच्या आत येतं. समुद्रावर लोंबकळणारी पाच गावं, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत, एकमेकांपासून काही मिनिटांवर. त्यांनी दिवसभराचं ट्रेन कार्ड काढलं, रिओमाज्जोरे, मानारोला, वेर्नात्सा बघितलं, कोर्नीलिया सोडलं (तिथे स्टेशनातून गावात जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत), आणि तीनला जहाजावर परत. मी धापा टाकत केबिनमध्ये आले तेव्हा ताई आंघोळ करून, गाऊनमध्ये, चहा पीत बसल्या होत्या. "झालं का फ्लोरेन्स?" म्हणाल्या.

तर माझा निकाल: ला स्पेझियाला जहाज लागत असेल तर फ्लोरेन्स विसरा. अगदीच जीव अडकला असेल तर जहाजाची नुसती ने-आण करणारी बस घ्या. आम्हाला ती माणशी ऐंशी डॉलरच्या घरात सांगत होते, मी नाक मुरडलं. पण ती पहिल्या गटात सुटते, थेट जाते, आणि मुख्य म्हणजे जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी घेतं. स्वतः गेलात आणि चुकलात तर पुढचा खर्च तुमचा, आणि आमच्यासारख्यांचे पासपोर्ट जहाजानं ठेवून घेतलेले असतात. कॉपी जवळ ठेवा. लिव्होर्नोला लागणारी जहाजं त्यातल्या त्यात बरी, फ्लोरेन्सची गाडी तिथून दीडेक तासाची आहे. पण पत्रकावर नाव तेच असतं, ‘फ्लोरेन्स/पिसा’. कंस वाचा. कंसातलं तेच खरं.

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून डायरीच्या मागच्या पानावर सूत्र लिहून काढलं. पत्रकातल्या तासांतून सुरुवातीचा एक वजा. शेवटचे दोन वजा, त्यातला अर्धा तास ऑल अबोर्डचा आणि दीड स्वतःच्या धडधडीचा. मग जहाजाच्या दारापासून ठिकाणाच्या दारापर्यंतचा प्रवास, दोनदा. नकाशावरचा नव्हे, शटल, चालणं, तिकीट, गाडीची वाट सगळं धरून. उरलेले तीनपेक्षा कमी असतील तर जाऊ नका, बंदराच्या गावातच फिरा. फ्लोरेन्सचं उत्तर शून्याच्या आसपास येतं. माझे पावणेदोन तास मी स्वतःच्या धडधडीतून काढले होते. चालण्याचा माझा हिशेब भरभर चालणाऱ्या माणसाचा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर अर्धा तास आणखी वजा करा.

दुसऱ्या दिवशी रोम, म्हणजे चिविताव्हेक्किया. रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर, पण इथे गणित जमतं. जहाज सातला लागलं, ऑल अबोर्ड साडेसहाला. फुकट शटल बंदराच्या बाहेरच्या थांब्यापर्यंत, पुढे स्टेशन पायी वीस-पंचवीस मिनिटं. साधी रीजनल गाडी स्वस्त आहे. कागदी तिकीट घेतलं तर चढण्याआधी फलाटावरच्या मशिनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. व्हॅटिकन करायचं असेल तर तेर्मिनी या मुख्य स्टेशनापर्यंत जाऊ नका, रोमा सान पिएत्रोला उतरा, सेंट पीटरचा चौक दहा-पंधरा मिनिटांवर आहे. कलोसियम करायचं असेल तर ओस्तिएन्सेला उतरून पिरामिदेहून मेट्रो बी, दोनच स्टेशनं. आम्हाला शहरात सहा तास मिळाले. एकच निवडा. कलोसियम आणि व्हॅटिकन म्युझियम एका दिवसात उरकून आलो असं कोणी सांगितलं तर त्यांनी दोन्हींची तिकिटं दाखवावीत. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या रविवारी आपण जाऊच नये. आम्ही कलोसियम आणि फोरम केलं, वेळेचं तिकीट घरूनच काढलं होतं. पंढरपूरला मुखदर्शनाची रांग असते ना, लांबून विठ्ठल पाहायचा आणि पुढे सरकायचं, तसं रोम झालं. पदस्पर्श पुन्हा कधीतरी, विमानानं येऊन, चार दिवस राहून.

इटलीत संपाची तारीख आधी जाहीर होते, निघण्यापूर्वी बघा. संपाच्या दिवशी, कामाचा दिवस असेल तर, रीजनल गाड्या सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ एवढ्या वेळात चालवणं बंधनकारक असतं. सकाळी त्या गाडीनं जाल, पण परतीची हमी सुरू होते तोवर तुमचं ऑल अबोर्ड होऊन गेलेलं असतं. अशा दिवशी बंदर सोडू नका.

नेपल्स सोपं. जहाज शहराच्या पोटातच लागतं. समोर म्युनिचीपिओ मेट्रो, तिथून गारिबाल्डी, तिथून पॉम्पेईच्या अवशेषांकडे जाणारी चिर्कुमवेझुव्हियाना नावाची लोकल. ही गाडी पाहून मला बरं वाटलं: गर्दी, उकाडा, दारात उभे लोक. पर्स पुढे घ्या, बाकी डोंबिवलीकरांना काही सांगायची गरज नाही. उतरायचं ‘पॉम्पेई स्कावी, व्हिला देई मिस्तेरी’ला, पॉम्पेई नावाचं दुसरंही स्टेशन आहे, ते नव्हे. चाळीस मिनिटांत अवशेषांच्या दारात. टोपी आणि पाणी हवंच, आत सावली नाही. तिकिटं नावावर असतात आणि दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे, म्हणून आधी काढा.

स्पेनमधल्या पाल्माबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, छान गेला दिवस.

फ्रान्समधल्या मार्सेलला पत्रकात ‘प्रोव्हान्स’ लिहितात. पुन्हा तेच. क्रूझचा धक्का शहराच्या उत्तरेला, जुन्या बंदरापासून इतका लांब की चालत जायचं मनात आणू नका. शटलनं जुन्या बंदरात गेलो, ६० नंबरच्या बसनं वर नोत्र दाम द ला गार्द या चर्चला गेलो, जेवलो, परत आलो. सगळे तास पुरले, कारण कुठे लांब गेलोच नाही. लांब आविन्यॉं शहराला जाऊन आलेले आमच्या टेबलावरचे दोघं संध्याकाळी जेवताना बोलत नव्हते. परत आल्यावर नवरा बराच वेळ कठड्याशी उभा राहून खाली पाणी बघत होता. ८ जुलै १९१० ला याच बंदरात सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीच्या पोर्टहोलमधून उडी टाकली, पोहून किनारा गाठला, आणि फ्रेंच पोलिसानं पकडून परत इंग्रजांच्या ताब्यात दिलं. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेलं आणि १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला. त्यांना मार्सेलच्या जमिनीवर मिळाली काही मिनिटं. नवरा म्हणाला, "आणि तू शटलच्या रांगेबद्दल कुरकुरत होतीस."

ग्रीसची क्रूझ घेणाऱ्यांसाठी एक, ताईंच्या अनुभवावरून. सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात उभं राहतं आणि छोट्या टेंडर बोटींनी नेतात. खाली उतरलात की वर ‘फिरा’ नावाच्या गावाला जायला केबल कार, खेचरं किंवा जवळजवळ सहाशे पायऱ्या. केबल कारच्या एका फेरीत ३६ माणसं मावतात आणि जहाजातून तीन हजार उतरतात. ताई खाली यायला दोन तास उन्हात रांगेत होत्या. त्यामुळे टेंडरच्या बंदराला माझ्या सूत्रात आणखी दोन तास वजा करा. पायऱ्यांनी उतरणार असाल तर पट्ट्याच्या सपाता नकोत, खेचरांच्या लिदीवरून पाय सटकतो.