वजनकाट्याला न कळलेली झीज

उपग्रहावरच्या उष्णतारोधक आवरणाचे नमुने जमिनीवरच झिजवून पाहण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा आधीचे आणि नंतरचे वजन घ्यायचे आणि वजाबाकी करायची, एवढेच ते आहे अशी माझी समजूत होती. पृथ्वीपासून काहीशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या अतिनील किरणांनी ऑक्सिजनचे रेणू फुटतात, आणि सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने जाणारे यान त्या सुट्या अणूंवर जाऊन आदळते. त्यामुळे आवरणात वापरल्या जाणाऱ्या कॅप्टॉनसारख्या बहुवारिकाचा, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या प्लास्टिकचा, पृष्ठभाग वायुरूप होऊन निघून जातो. दर चौरस सेंटीमीटरवर एकावर वीस शून्ये इतके अणू आदळले, की कॅप्टॉनची सुमारे ३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी कमी होते. हा दर पक्का माहीत असल्यामुळे इतर पदार्थांबरोबर कॅप्टॉनचा तुकडा ठेवून त्याच्या घटीवरून अणूंची संख्या काढतात.

पहिला घोटाळा इथेच झाला. माझा तुकडा ५ चौरस सेंटीमीटरचा, १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे जेमतेम ९० मिलिग्रॅमचा होता आणि अपेक्षित घट होती सुमारे २ मिलिग्रॅम. ऑक्सिजनच्या अणूंचा मारा करणाऱ्या यंत्राच्या निर्वात पात्रातून काढून तो काट्यावर ठेवला, तर शेवटचे आकडे माझ्या डोळ्यांदेखत वर चढू लागले. काटा बिघडला असे समजून मी तो दोनदा शून्यावर आणला, पण बिघाड काट्यात नव्हता: कॅप्टॉन हवेतली आर्द्रता शोषून घेत होता. एक टक्का ओलावा म्हणजे ०.९ मिलिग्रॅम, जवळजवळ निम्मी घट झाकून टाकणारा. त्यानंतर प्रत्येक वजनाआधी ४८ तास निर्वातात सुकवणे आणि बाहेर काढल्यावर ठरावीक मिनिटांतच नोंद करणे, हा शिरस्ता मी पाळला. आधीच्या सगळ्या नोंदी अर्थातच रद्द कराव्या लागल्या.

ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेल्या कॅप्टॉनची घट त्यामानाने नगण्य निघाली आणि मी खूश झालो. मात्र तुकडा दिव्यासमोर धरल्यावर टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपके चमकले. त्यांतल्या एकाला चिमट्याचे टोक लागताच भोवतीची चंदेरी त्वचा आत खचली, कारण मूळच्या सूक्ष्म छिद्रांतून शिरलेल्या ऑक्सिजनने थराखालचा कॅप्टॉन पोखरून टाकला होता. आमच्या यंत्रात अणू सर्व दिशांनी येतात, कक्षेत मात्र मुख्यतः समोरून, म्हणून प्रत्यक्षात पोखरण इतकी रुंद होत नाही, हेही अहवालात लिहावे लागले.

टेफ्लॉनच्या पट्टीने तर वजनावरचा माझा उरलासुरला विश्वास घालवला. हबल दुर्बिणीवर १२७ मायक्रॉन जाडीचे, मागून ॲल्युमिनियम चढवलेले टेफ्लॉन बाहेरच्या थरात होते. १९९० मध्ये सोडलेल्या या दुर्बिणीच्या १९९७ च्या दुरुस्ती मोहिमेत त्याला भेगा पडलेल्या दिसल्या आणि अंतराळवीरांना ठिगळे लावावी लागली. इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्या माऱ्याने रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि ऊन-सावलीच्या प्रत्येक फेरीत आकुंचन-प्रसरणाचा ताण त्या कमकुवत झालेल्या पदार्थावर येतो. आमची पट्टी मारा व तापमानाच्या फेऱ्या सोसून आली, तेव्हा वजन जवळपास जुनेच होते आणि चकाकीही शाबूत होती. सहकाऱ्याने ती एका बारीक दांड्याभोवती वळवायला घेतली आणि अर्ध्यावरच ती सरळ रेषेत तडकली.