सगळं हेलनमुळेच झालं ना?

ग्रीक महाकाव्यांवर चार वाक्यं बोलले की हा प्रश्न हमखास येतो. सोबत ठरलेली पुरवणीही असते: सीतेमुळे रामायण, द्रौपदीमुळे महाभारत, तसं हेलनमुळे ट्रॉयचं युद्ध. (स्पार्टाचा राजा मेनेलॉसची ही राणी ट्रॉयचा राजपुत्र पॅरिसबरोबर गेली, आणि तिला परत आणायला ग्रीकांनी ट्रॉयवर स्वारी केली, ती ही कथा.) तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

आधी याच युद्धावरच्या होमरच्या 'इलियड' या महाकाव्याचा तिसरा सर्ग वाचा. पॅरिस आणि मेनेलॉस यांचं द्वंद्व चाललंय, पॅरिस हरत आलाय. प्रेमाची देवी अ‍ॅफ्रोडायटी त्याला धुक्यात गुंडाळून थेट शय्यागृहात नेऊन ठेवते आणि हेलनला बोलवायला जाते. वेश घेते स्पार्टातल्या लोकर पिंजणाऱ्या म्हातारीचा. पण तिचा देखणा गळा आणि चमकते डोळे पाहून हेलन तिला ओळखते आणि फाडकन सुनावते: एवढा पुळका आहे तर तूच जाऊन बस त्याच्याजवळ, देवपण सोड, कर त्याची चाकरी, मी नाही येणार. देवी भडकते. जितकी माया केली तितकाच द्वेष करीन, अशी धमकी देते. हेलन घाबरते, शुभ्र वस्त्र अंगभर लपेटून मुकाट्याने निघते. देवी पुढे, ती मागे. आता सांगा, मर्जी कुणाची चालली?

ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, तिचा सासरा, तिला आधीच जवळ बसवून म्हणालेला असतो की माझ्या लेखी दोष तुझा नाही, देवांचा आहे. हेलन स्वतः मात्र हे कधीच म्हणून सुटत नाही. पॅरिसचा भाऊ हेक्टर याच्यासमोर ती स्वतःला कुत्री म्हणते. उलट ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉनला बघा. ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस याच्या वाट्याला आलेली बंदिवान ब्रिसेइस त्याने हिसकावून घेतली, त्या भांडणापायी ग्रीकांची दैना झाली. एकोणिसाव्या सर्गात समेट करताना हा गृहस्थ सांगतो, दोष माझा नाही; देवांचा राजा झ्यूसने माझी बुद्धी फिरवली. नुकसानभरपाई देतो, पण जबाबदारी घेत नाही. (आपल्याकडच्या काही पुढाऱ्यांना तो नक्की आवडेल.)

आणि हो, काव्य सुरू होतं ते ब्रिसेइसवरच्या याच भांडणापासून, हेलनपासून नव्हे. ब्रिसेइस एकदाच बोलते, अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेताजवळ. नवरा आणि तिघे भाऊ एकाच दिवशी गेले, नवऱ्याला मारणारा अकिलीसच. आणि पॅट्रोक्लसने शब्द दिलेला, की अकिलीसशी तुझं रीतसर लग्न लावून देईन. तिच्याबरोबर बाकीच्या बंदिवान बायका रडतात. कवी म्हणतो, निमित्त पॅट्रोक्लसचं, पण जी ती आपल्याच दुःखासाठी रडत होती. हजारो ओळींच्या युद्धकाव्यातली ही एक ओळ माझ्या मते भल्याभल्या द्वंद्वांवर भारी आहे.

शेवटच्या, चोविसाव्या सर्गात अकिलीसच्या हातून मारल्या गेलेल्या हेक्टरसाठी तिघी विलाप करतात: बायको अ‍ॅन्ड्रोमाकी, आई हेक्युबा आणि शेवटी हेलन. ती त्याच्या पराक्रमाबद्दल चकार शब्द काढत नाही. दीर, नणंदा, जावा, सासू, कुणी टाकून बोललं की हा त्यांना आवरायचा, स्वतः कधी वावगं बोलला नाही, एवढंच सांगते. आता ट्रॉयमध्ये आपलं कुणी उरलं नाही, म्हणते. जिच्यामुळे हेक्टर मेला असं आपण बिनधास्त म्हणतो, तिलाच कवीने त्याच्यासाठी शेवटचं बोलायला लावलंय. दोष तिच्या माथी मारायचा असता, तर हा मान अ‍ॅन्ड्रोमाकीला देऊन तो मोकळा झाला असता.