तुम्ही विचारलंत म्हणून : मुलं कुठे ठेवता?

देवळाजवळच्या भाजीवालीकडे, पणजीच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गेले तरी हा प्रश्न मला गाठतोच. "तुम्ही त्या आयांचं काय ते चालवता ना? मग तेवढा वेळ मुलं कुठे ठेवता?"

'काय ते' म्हणतात, कारण आमच्या गटाला नाव नाही. दर शनिवारी साडेचारला माशेलातल्या आठ-दहा आया घराबाहेर पडतात, गावातलं एखादं लहानसं काम करतात आणि परततात. पैशांचा संबंध नाही. मुलं कुठेच ठेवत नाही, बरोबर असतात, असं मी सांगते. त्यावर समोरचीचा चेहरा सांगतो की पटलेलं नाही. गंमत अशी की आमच्या गावात देवकी लेकरासकट पुजली जाते. चोडण बेटावरून पोर्तुगिजांच्या काळात आणलेली ही मायलेकरं अजून एकाच गाभाऱ्यात आहेत. आणि प्रश्न मात्र मला!

खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हीही मुलं ठेवतच होतो. पहिल्या सभेसाठी हॉल मिळवला. शेजारच्या खोलीत चटया, रंगखडू, बिस्किटं आणि सांभाळायला कॉलेजात जाणारी एक मुलगी. दहा मिनिटांत दारात एक डोकं दिसलं, मग दुसरं. "आई, शी लागली." "आई, ह्याने माझा हिरवा मोडला." अर्ध्या तासात सगळी फौज आमच्या मांडीवर. सभा संपल्यावर त्या खोलीत डोकावले, तर ती कॉलेजची मुलगी एकटीच रंगवत बसली होती. मोर फार सुंदर काढला होता तिने.

पुढच्या वेळी मुलं सासवांवर सोपवली. तिसऱ्या शनिवारी माझ्याच सासूबाईंनी सुनावलं, "समाजसेवा तुमची, आणि भुरगीं आमच्या गळ्यात!" मला उत्तर सुचलं नाही. शिवाय गटातल्या निम्म्या जणींच्या घरी सासू नाहीच. नवरा वेर्ण्याला नाहीतर पणजीला नोकरीवर, दोन खोल्यांचा फ्लॅट, एक मूल. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा जननदर १.३ आला होता. त्या आकड्याचा अर्थ आमच्या इमारतीच्या जिन्यावर दिसतो. प्रत्येक मजल्यावर एक सायकल, आणि तिच्या मालकाला खेळायला कोणी नाही.

मग मुलं बरोबरच घ्यायची ठरवली, आणि काम कापलं. आमच्याकडे शाळा दुपारी सुटते. जेवण होतं, आणि एक ते चार अर्धा गोवा झोपलेला असतो, दुकानांसकट. साडेचारला पोरं ताजी असतात. पावणेसहा वाजले की भूक लागते, आणि भुकेल्या चार वर्षांच्या मुलाशी वाद घालून कोणी जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही. म्हणजे आमच्या हातात सव्वा तास. सव्वा तासात जे उरकत नाही, ते काम आमचं नव्हे. एवढं एकदा ठरलं तसं आरोग्य शिबिर गेलं, गावभर स्वच्छता मोहीम गेली, बॅनर लागतील अशी सगळीच कामं गेली. अंगणवाडीच्या परसातलं गवत उपटणं, शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालणं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसणं, एवढंच उरलं.

दुसरी गोष्ट मला एका चार वर्षांच्या मुलाने शिकवली. गवत उपटताना त्याला गुंतवायला मी हातात रिकामी बादली दिली आणि म्हटलं, "ही तिकडे नेऊन ठेव हां, शहाणा माझा." बादलीत डोकावून तो म्हणाला, "ह्यात काहीच नाही. मग कशाला नेऊ?" तेव्हापासून लुटुपुटूचं काम कोणालाच देत नाही.

आषाढात देवळापुढच्या चिखलात खेळायचा चिखलकाला झाला की पाऊस ठाण मांडून बसतो. वर्षाकाठी तीनएक हजार मिलिमीटर कोसळणाऱ्या पावसात परसातलं काम कसलं होणार? पहिल्याच पावसाळ्यात आम्ही छपराखाली शिरलो ते वाड्याच्या टोकाच्या आजीकडे. मुलगा आखातात, लेक मुंबईला, घर मोठं, आणि आजी दिवसभर पडवीतल्या सोप्यावर. आम्ही जळमटं काढायची, गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा बघायच्या, फोन रिचार्ज करायचा. मुलींनी आबोलीच्या गजऱ्याला हातभार लावायचा. आजीचे हात थरथरतात, फुलं सुटतात, म्हणून मुली दोन-दोन फुलं देठाला देठ लावून धरतात आणि आजी केळीच्या सोपाच्या धाग्याने गाठ मारते. गाठ मारताना मात्र तिचा हात अजिबात थरथरत नाही.

आणि एक दुसरीतला मुलगा. त्याला काय द्यावं कळेना, तेव्हा आजीच म्हणाली, "पेपर वाच मला." डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षर दिसत नाही. तो पहिल्या पानापासून सुरू करणार, तेवढ्यात आजीने थांबवलं. "ते नको. निधनाचं पान काढ."

आम्ही आया एकमेकींकडे बघत राहिलो. त्याच्या आईने जागेवरून उठायची तयारीसुद्धा केली. पण तो वाचू लागला होता. "दुः...ख...द नि...धन." मग नाव, मग गाव. वयाशी येऊन अडला. "आठ दोन."

"आठ दोन काय रे? ब्याऐंशी."

"ब्याऐंशी."

"माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. बरं, पुढचं."

मराठीतले आकडे किती छळतात हे ज्यांची मुलं दुसरीत आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत माझाही गोंधळ उडायचा. त्या मुलाला सत्तर ते नव्याण्णव हे आकडे चार महिन्यांत निधनाच्या पानाने पाठ करवले. पन्नाशीच्या आतबाहेर तो अजून चाचपडतो, कारण तिथला सराव कमी. साठाच्या खालचं वय आलं की आजी गप्प होते. मग तोही पुढचं नाव लगेच वाचत नाही. त्याने थांबावं असं कोणी सांगितलेलं नाही.

चवथीच्या आधीच्या शनिवारी आजीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, आम्ही बांधतो. तोरिंगण, चिबूड, आंबाडे, सुपारीचं शिपटं, नारळाची पेण, आणि लालभडक कवंडळं. कवंडळ दिसायला देखणं, पण विषारी. ते एका पाच वर्षांच्या मुलीच्या ताब्यात दिलं, म्हणजे त्या टोपलीला कोणी हात लावायचा नाही हे तिने बघायचं. तासभर ती टोपलीसमोरून हलली नाही. पोस्टमन आला, त्यालाही तिने बजावलं, "हात लावू नका, वीख आहे."

मुलांचा त्रास होत असेल ना, हे विचारतात तेव्हा मला हसू येतं. आमचा गट मोडायला आला होता तो चहापायी. आधी आळीपाळीने एकेकीकडे जमायचो. पहिलीने चहा-बिस्किटं दिली, दुसरीने बटाटेवडे, तिसरीने शिरा-पुरी. मी उत्साहाने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, वर कौतुकही केलं. चौथीची पाळी आली आणि ती यायची बंद झाली. भाड्याच्या एका खोलीत राहणारी. मुलाला बरं नाही, म्हणाली. आम्ही दोन शनिवार त्या मुलाच्या तब्येतीची चौकशी करत राहिलो! खरं कारण लक्षात यायला दोन महिने गेले. आता कोणाकडेही खाणं नाही, ज्याची त्याची पाण्याची बाटली. ती परत आली, पण माझ्याशी अजून थोडं तोडूनच बोलते. फोटो मीच टाकले होते.

नोंदणी का करत नाही, असंही विचारतात. सोसायटी नोंदवायला सात माणसं लागतात, तेवढ्या आम्ही आहोत. पण मग अध्यक्ष कोण, खजिनदार कोण, हे आलं, आणि खजिन्यात ठेवायला आमच्याकडे काय आहे? काही जण आम्हाला स्वयंसहाय्य गट समजून कर्ज किती मिळतं ते विचारतात. एका संस्थेने मुलांसाठी खाऊचे खोके पाठवले होते. सोबत बॅनर होता, आणि मुलांनी तो धरलेले फोटो हवे होते. खोके परत केले. मुलं माझ्यावर आठवडाभर रुसली होती, त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

माझं माहेर पेडण्याचं. पौषात धालो असायचे. रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, बायका समोरासमोर दोन रांगा करून नाचायच्या, गायच्या. मांडाच्या कडेला गोधडीवर आम्ही मुलं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेलो. मध्येच जाग आली तर शेजारी कुणाची तरी आई असायची, आपलीच असेल असं नाही. पोरं कुठे ठेवलीत असं त्या बायकांना विचारलेलं मी ऐकलं नाही. आता मात्र फ्लॅटच्या दारातून मूल घेऊन बाहेर पडलं की "आज कुठे निघालात?" विचारतात.

परवा एका बाईंनी फोन करून विचारलं, मला मूल नाही, मी आले तर चालेल का? म्हटलं, जरूर या. येताना शेजारचं एखादं घेऊन या. साडेचारला, आणि पाण्याची बाटली विसरू नका.