बंद हुकमाची कलमं

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये पत्त्यांतल्या मेंढीकोटचे सामने ठरले, की नियमांचा जुना कागद बाहेर निघतो आणि पुन्हा लिहावा लागतो. एका चटईवर पंचवटीतला वाडा, सिडकोतली गल्ली आणि पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक असे सगळे बसलेले, आणि प्रत्येकाचा मेंढीकोट निराळा. वाटप पाच-चार-चार, तेही उजवीकडून, इथवर एकमत. चारांतल्या तीन दश्श्या, म्हणजे दहाची पानं, ज्या बाजूने जिंकली, डाव त्यांचा. चारही आल्या तर कोट. दोन-दोन झाल्या तर सात हातवाले जिंकले; प्रत्येकाचं एकेक पान पडलं की एक हात. हात तेरा, त्यामुळे बरोबरीचा प्रश्नच नाही. ज्याने कुणी हे रचलं, त्याचा हिशेब पक्का होता.

भांडण सुरू होतं हुकमापासून, म्हणजे बाकीच्या रंगांना मारणाऱ्या रंगापासून. कट हुकूम सरळ: उतारीच्या, म्हणजे आधी पडलेल्या पानाच्या, रंगाचं पान ज्याच्याकडे पहिल्यांदा संपलं, तो टाकेल त्या पानाचा रंग हुकूम. मजा आणि मारामारी बंद हुकमात. वाटणाऱ्याच्या उजवीकडचा गडी एक पान पालथं ठेवतो. पाच पानं बघून की तेरा? पाच. तेरा बघून ठेवलेला हुकूम म्हणजे निव्वळ पांडित्य. ज्याने ‘उघडा’ म्हटलं त्याने, असला तर, हुकूम मारलाच पाहिजे. नाहीतर लोक नुसत्या चौकशीसाठी उघडायला लावतात.

आता अवघड कलम. पालथी ठेवलीय किलवरची राणी, आणि त्या गड्याच्या हातात दुसरं किलवर नाही. उतारी किलवरची झाली. पालथं पान हातातलं धरायचं का? धरलं तर हुकूम फुटतो. नाही धरलं तर पान असून दिलं नाही, म्हणून समोरचे बोंबलतात. माझ्या मते साफ लिहावं: उघडेपर्यंत पालथं पान हातातलं नाही. त्याला दुसरं काहीही टाकू द्यावं. बाराव्या हातापर्यंत कुणी उघडलंच नाही, तर तेराव्याला तेच पान, हुकूम म्हणूनच.

पान असून चुकवणं पकडायचं तर हात रचण्यापासून शिस्त हवी. पानं पडली त्याच क्रमाने उचलायची आणि प्रत्येक हात आधीच्यावर आडवा-उभा ठेवायचा. एका गठ्ठ्यात कोंबले की पुरावा गेला. हात उचलण्याआधी लक्षात आलं तर पान बदलू द्यावं. नंतर सापडलं तर डाव समोरच्यांचा. भिडूला खुणा करण्यावर मात्र कलम घालू नये. कान खाजवणं बंद केलं तर लोक उसासे टाकतील.

सहा जण बसले की चारही दुर्र्या काढायच्या; अठ्ठेचाळीस पानं, प्रत्येकी आठ. (किलवर दुर्री हरवल्यामुळे जोकरवर बॉलपेनने ‘किलवर दुर्री’ लिहिलेला पत्त्यांचा कॅट इथे बिनबोभाट चालतो.) पण हात आठ झाले आणि तो पक्का हिशेब बिघडला. दोन-दोन दश्श्या, चार-चार हात. आता कोण जिंकलं? आठवा हात ज्यांचा डाव त्यांचा, असं लिहिलं की सगळे हसतात. शेवटचं हुकमाचं पान दाबून बसणाऱ्याचं फावेल, म्हणतात. पुन्हा वाटू, म्हणतात.

वाटा बापडे.